सावंतकाकांचं बॉनेट

"तुमची नंदा तिकडे काय करते?" असं सांगलीत कुणी विचारलं की माझी आई बरीच वर्षं सांगायची, "ती ऑटोमोबाईलमध्ये आहे." ऐकणाऱ्याला वाटायचं, मी इंजिनांची डिझाइनं वगैरे करत असणार. प्रत्यक्षात मी फ्रीमाँटमध्ये माझ्याच घराच्या गराजमध्ये उभी राहून लोकांच्या जुन्या गाड्यांचा विटलेला रंग उजळून देते. आईचं वाक्य खोटं नव्हतं, फक्त जरा जास्त पॉलिश केलेलं होतं. तेव्हा हा धंदा माझ्याकडे तिच्याकडूनच आला असावा.

इथल्या मराठी मंडळींनाही तो पचायला वेळ लागला. गणपतीच्या कार्यक्रमात एका गृहस्थांनी, हातात मोदक धरून, मला विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही गाड्या धुता का?" मी म्हटलं, "धुते ना. पण ती नुसती आंघोळ. खरं काम त्यानंतर सुरू होतं." ते नुसतेच हसले. पुढे तेच गृहस्थ क्युपर्टिनोहून आपली जुनी काळी गाडी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. गाडीला खोबरेल तेलाचा वास येत होता. रंग फिका पडला म्हणून त्यांनी तिला आठवडाभर तेल चोळलं होतं. तसा व्हिडिओ त्यांना कुणीतरी पाठवला होता. पहिल्या दिवशी गाडी चमकली, दुसऱ्या दिवसापासून तिने फ्रीवेवरची सगळी धूळ अंगाला लावून घेतली आणि किसात घोळवलेल्या लाडवासारखी दिसू लागली. मी आधी ते तेल उतरवायला घेतलं. माणूस गाडीला तेल लावतो म्हणजे त्याचा जीव असतो तिच्यावर, एवढं मला कळतं.

रंग विटतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मला प्रत्येकाला सांगावं लागतं. पत्र्यावर प्रायमर असतो, त्यावर रंग आणि त्याच्यावर एक पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. सगळं मिळून जाडी किती, तर वहीच्या एका कागदाएवढी. कॅलिफोर्नियातलं ऊन हा वरचा थर हळूहळू खातं. तो कोरडा आणि पांढुरका होतो, हात फिरवला तर खडूसारखी भुकटी लागते. खालचा रंग मात्र पुष्कळदा धडधाकट असतो. मी काय करते, तर तो मेलेला पापुद्रा तेवढा काढते. फिरत्या मशीनला स्पंजाचं पॅड लावायचं, त्यावर पॉलिशचे थेंब टाकायचे आणि हाताला घाई करू द्यायची नाही. म्हणजे मी रंग लावत नाही, काढते. हे ऐकून गिऱ्हाइकाच्या तोंडचं पाणी पळतं. पळावंच. प्रत्येक वेळी उजळताना गाडीच्या अंगावरचं थोडं कमी होतं, आणि एक दिवस कमी करण्यासारखं काही उरत नाही. कुठे थांबायचं हे कळणं म्हणजेच हे काम, बाकीचं मशीन करतं.

क्लिअर कोट एकदा सोलायला लागला की मात्र माझ्याकडे इलाज नाही. नागपूरचा एक मुलगा आला होता, नोकरीला लागून थोडेच दिवस झालेले. त्याच्या गाडीचं छत उन्हात भाजलेल्या पाठीसारखं सोललं होतं. मी नाही म्हणाले. तो म्हणाला, "असं नका करू यार मावशी. आईबाबा पहिल्यांदा येताहेत. त्यांना एअरपोर्टवरून ह्याच गाडीतून आणायचंय." मग छत सोडून बाकी गाडी उजळली आणि छतावर जाड वॅक्स चढवलं. वॅक्स चरे भरून काढतं, डाग लपवतं, पण चार पावसांत उतरतं. ते एअरपोर्टपर्यंत टिकलं. त्याच्या आईने गाडी छान आहे म्हटल्याचं त्याने मला मुद्दाम फोन करून सांगितलं. त्या छतासाठी मला आणखी काही करता यायला हवं होतं, असं अजून वाटतं.

पण मला लिहायचंय ते सावंतकाकांच्या गाडीबद्दल.

सावंतकाका गेल्या हिवाळ्यात गेले. इथल्या जुन्या मराठी लोकांपैकी ते एक. कमी बोलायचे, आणि बोललेच तर बहुधा गाडीबद्दल. त्यांची मरून रंगाची सेडान त्यांच्या नातीपेक्षा, ईशापेक्षा, वयाने मोठी होती. ईशाचे आईवडील दोघंही नोकरी करायचे, म्हणून शाळेतून तिला आणायला रोज काकाच, म्हणजे तिचे आबाच, जायचे, ह्याच गाडीतून. पुढे ड्रायव्हिंगही ती ह्याच गाडीवर शिकली. काका सगळ्यांसमोर म्हणायचे, "ही गाडी ईशाची. मी फक्त सांभाळतोय."

आता ईशाला वॉशिंग्टन राज्यात बॉथेलला एका बायोटेक कंपनीत नोकरी लागली होती. काकांचा मुलगा, म्हणजे ईशाचे वडील, व्यवहारी माणूस. ते म्हणाले, एवढी जुनी गाडी इतक्या लांब कशाला न्यायची, डोनेट करून टाकू. गाडी ओढून नेणाऱ्या टो ट्रकवाल्याला त्यांनी शनिवारचं बोलावूनही ठेवलं. मंगळवारी सावंतकाकूंचा मला फोन आला. "नंदा, ह्यांची गाडी उजळून दे. तिची रया गेलीय म्हणून ती कुणाला नकोय. शनिवारच्या आत ईशाच्या हातात दिली की कोण नेतो ते बघते मी."

दुसऱ्या दिवशी ईशा गाडी चालवत घेऊन आली, शेजारी काकू. काकू ऐंशीच्या घरात आहेत, पण गाडीतून उतरताना कुणाचा हात धरत नाहीत. कपाळावर कुंकू, नेहमीसारखं, रुपयाएवढं नाही पण लांबून दिसेल एवढं.

बॉनेटची अवस्था सगळ्यात वाईट होती. तसं ते सगळ्याच गाड्यांचं असतं, वरून ऊन आणि खालून इंजिनाचा ताप. मरून रंगाची नुसती राख झाली होती. मी गाडी धुतली, रंगात रुतलेला कचरा काढला, बॉनेटच्या बरोबर मध्यावर टेप लावली आणि डाव्या अर्ध्या भागावर मशीन फिरवलं. हे मी नेहमी करते. अर्धं उजळलेलं आणि अर्धं विटलेलं शेजारीशेजारी बघितलं की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

काकू खुर्चीवरून उठून जवळ आल्या. "अगं बाई. हाच रंग. हा रंग आवडला म्हणून मीच घ्यायला लावली होती ही गाडी."

ईशाने फोटो काढला. "नंदामावशी, धिस इज इन्सेन. ही सेम गाडी आहे?"

मी खुशीत टेप काढली आणि उरलेला अर्धा भाग हातात घेतला. राख निघत गेली तशी त्या उजव्या भागाच्या मधोमध पांढुरक्या रेघांची एक आकृती वर आली. आधी वाटलं, पॉलिश वाळलंय. पुसून बघितलं तर आकृती तिथेच. चार हात, चारही टोकांना वळलेले. उजवीकडची रेघ थोडी तिरकी.

मी मशीन बंद केलं. काकूंनी दोन्ही हात छातीशी नेले. "ह्यांचं स्वस्तिक," त्या म्हणाल्या. "दर दसऱ्याला इथेच काढायचे, ओल्या कुंकवाने. उजवी रेघ कायम अशीच जायची. बघ नंदा, कसं राहिलंय."

आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा होते हे वाचकांना सांगायला नको. इथेही होते. ड्राइव्हवेमध्ये झेंडूची माळ, नारळ, कुंकवाचं स्वस्तिक, सगळं साग्रसंगीत. काकूंच्या माहेरी आणखी एक रीत होती. पूजेचं स्वस्तिक हाताने पुसायचं नाही, ते आपोआप जाऊ द्यायचं. तिकडे ते जातही असेल. फ्रीमाँटमध्ये मात्र ऑक्टोबरात पाऊस नसतो, आणि ते कुंकू बॉनेटवर आपलं बसून राहतं.

 ईशाने फोन खिशात ठेवला आणि हळूच म्हणाली, "मावशी, हे निघेल ना?"

"निघायला कशाला हवंय?" काकू म्हणाल्या.

"आजी, आय कान्ट ड्राइव्ह विथ दॅट ऑन द हुड."

बॉनेटवर ते असलं तर गाडी का चालवता येणार नाही, हे काकूंना कळेना. मला कळलं. अमेरिकेत हे चिन्ह गाडीवर दिसलं तर कुणाला पूजा आठवत नाही. लोकांना नाझी आठवतात, आणि ज्यांच्या घरची माणसं त्या छळछावण्यांत मेली त्यांना ती माणसं आठवतात. आपलं आणि त्यांचं चिन्ह वेगळं, हे आपल्याला ठाऊक. पार्किंग लॉटमध्ये गाडीसमोरून जाणाऱ्या माणसाला ते कोण सांगणार?

"आजी, माझी बॉथेलची रूममेट ज्यूइश आहे. तिच्या आजीची अख्खी फॅमिली गेली होती. रोज सकाळी तिच्या खिडकीसमोर मी ही गाडी पार्क करू?"

"मग तिला सांग, आमचं वेगळं असतं. समजूतदार असेल तर ऐकेल."

"ती ऐकेल. पण रस्त्यावरच्या प्रत्येकाला मी थांबवून सांगू का? आणि तिला तरी रोज ते का बघायला लावू?"

काकूंनी बॉनेटवर हात ठेवला. "हे गेले तेव्हा एकदोघींनी मला सुचवलं, आता कुंकू कशाला. मी माझं कुंकू पुसलं नाही. आणि आता ह्यांच्या हातचं हे पुसा म्हणून मीच सांगू?"

 ईशाचे डोळे भरले होते. "देन आय कान्ट टेक इट, आजी," ती म्हणाली आणि गराजच्या पायरीवर जाऊन बसली. पुसलं तर काकू गाडी देणार नव्हत्या, ठेवलं तर ईशा नेणार नव्हती, आणि दोन्ही नाही झालं की शनिवारी टो ट्रक येणारच होता.

पेच पडला की आपण चहा टाकतो, तसा मी टाकला. तो उकळेपर्यंत गराजमध्ये परत आले. ते निघण्यासारखं आहे का, एवढं तरी बघून ठेवावं म्हटलं. माझ्याकडे एक छोटं यंत्र आहे, रंगावर टेकवलं की थराची जाडी सांगतं. आणि एक प्रखर हातदिवा आहे. तो तिरका धरला की रंगावरचा केसाएवढा चराही दिसतो. तिरका धरला, आणि मी चक्रावले.

कुंकवाचा डाग मला नवा नाही. इतक्या देशी गाड्या येतात की हळद, कुंकू, शेंदूर, झेंडूचा रस, सगळ्यांचे डाग मी ओळखते. तो डाग पसरट असतो, त्याच्या कडा मऊ असतात. इथे मऊ काहीच नव्हतं. इथे चरे होते. बारीक, सरळ, एकमेकांना खेटून, स्वस्तिकाच्या प्रत्येक रेघेवरून मागेपुढे गेलेले. जुने चरे, त्यांच्यात भरलेलं जुनं वॅक्स, त्यावर नवे चरे. कुणीतरी ही आकृती खरबरीत कशाने तरी पुन्हा पुन्हा घासून काढली होती, आणि मागमूस राहू नये म्हणून वर वॅक्स लावलं होतं. घासून घासून तेवढ्याच रेघांवरचा थर पातळ झाला, आणि उन्हाने तिथेच तो आधी खाल्ला. म्हणजे काकूंनी ज्याच्यावर हात ठेवला होता ते काकांनी काढलेलं स्वस्तिक नव्हतं. गाडीची निगा काकाच राखायचे, तेव्हा ती त्यांनीच ते पुसल्याची खूण होती.

मी दिवा हातात धरून तशीच उभी राहिले. गेलेल्या माणसाची चहाडी करायची का? त्यांनी काही कारणाने बायकोला सांगितलं नव्हतं. ते मी, एक पॉलिशवाली बाई, का सांगू? पण शनिवार डोळ्यासमोर दिसत होता, आणि पायरीवर बसलेली ती मुलगीही. मी दोघींना बॉनेटपाशी बोलावलं.

"काकू, बोट फिरवा इथे. खरबरीत लागतंय?"

"लागतंय."

"कुंकवाने असं होत नाही. हे घासलेलं आहे. एकदा नाही, बऱ्याच वेळा. दर वर्षी असावं." मी दिवा तिरका धरून चरे दाखवले. ते कसे गेलेत, एकावर एक कसे चढलेत, तेही सांगितलं. पुढचं सांगायची गरज पडली नाही.

काकूंनी वाकून चऱ्यांवरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "घासणी."

"काय?"

"माझी भांड्यांची हिरवी घासणी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावरून हमखास नाहीशी व्हायची. ह्यांना विचारलं की म्हणायचे, जुनी झाली होती, टाकून दिली. आदल्या आठवड्यात आणलेली घासणी जुनी कशी होईल? मी म्हणायचे, अमेरिकेतले उंदीर घासण्याही नेतात की काय."

ईशा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. "आबांची बोटं," ती म्हणाली. "आजी, पिक-अपला यायचे ना, त्यांची बोटं कधीकधी लाल असायची. मी विचारलं, लागलं का आबा? ते म्हणाले, टोमॅटो कापत होतो." तिने आजीकडे बघितलं. "आबा नेव्हर कुक्ड."

म्हणजे असं होतं. दसऱ्याच्या दिवशी ते बायकोसाठी स्वस्तिक काढत, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, नातीच्या शाळेपुढे गाड्यांच्या रांगेत उभं राहण्याआधी, ते घासून टाकत. शाळेतल्या मुलांनी तिला काही विचारू नये म्हणून. आणि बायकोला ते रात्रीच्या दवाने आपोआप गेल्यासारखं वाटावं म्हणून. घरात दोघी, दोघींच्या दोन गोष्टी, आणि मधे हा माणूस एक घासणी घेऊन.

काकू खुर्चीत बसून रडल्या. लपवलं नाही, पदर तोंडाला लावला नाही. "मला सांगायचं होतं ना," त्या म्हणत राहिल्या. "मी काय खाल्लं असतं का ह्यांना? एवढ्याशा गोष्टीसाठी एकट्याने घासत बसायचे." ईशा त्यांच्या पायाशी बसली होती. मीही रडले. स्वतःच्या गराजमध्ये रडायला कुणाची परवानगी लागत नाही.

चहा गार झाल्यावर आम्ही तो प्यायलो. काकूंनी कप खाली ठेवला, नाक पुसलं आणि बॉनेटकडे बघत म्हणाल्या, "इतकी वर्षं पुसत होते, आणि धड पुसता आलं नाही. चल नंदा. तू तरी नीट पूस."

ते काम मी आयुष्यात केलेल्या कठीण कामांपैकी एक होतं. रेघांवर थर आधीच पातळ, तिथे मशीन दाबलं तर खालचा रंग उघडा पडणार. म्हणून रेघांना जवळजवळ हातच लावायचा नाही, आजूबाजूचा भाग ओल्या, बारीक पॉलिशपेपरने हलकेच खाली आणायचा, दोन्ही समपातळीत येईपर्यंत. दर थोड्या वेळाने यंत्र टेकवून जाडी बघायची. तिरक्या उजव्या रेघेपाशी आकडा फारच खाली आला. तिथे मी थांबले. शेवटचं वॅक्स मात्र काकूंनी स्वतः लावलं. मी फडकं दिलं आणि कसं ते दाखवायला गेले, तर म्हणाल्या, "आंबोळी पसरते मी, मला गोल हात शिकवू नकोस."

ते पूर्ण गेलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. सकाळचं कोवळं ऊन तिरकं पडलं, आणि नेमकं कुठे बघायचं ते माहीत असेल, तर उजवी रेघ अजून किंचित दिसते. नुसती रेघ, कुणाला त्यातून काही कळणार नाही. मी दोघींना ती दाखवून ठेवली. असं झाकून गिऱ्हाइकाच्या हाती गाडी देऊ नये.

"दॅट्स ओके," ईशा म्हणाली. "मला माहितीये कुठे बघायचं."

शनिवारी टो ट्रक आला तेव्हा गाडी ड्राइव्हवेमध्ये नव्हती. काकूंनी त्या ड्रायव्हरला तसाच जाऊ दिला नाही, लाडू दिले.

ह्या वर्षी दसऱ्याला काकू माझ्याकडे होत्या. मी माझ्या मशीनची पूजा करते, प्लग काढून, कुंकू मोटरपासून लांब. ती चालली होती तेवढ्यात ईशाचा व्हिडिओ कॉल आला. बॉथेलला पाऊस होता. ती ऑफिसला निघायच्या आधी, डोक्यावर जॅकेटची टोपी ओढून, गाडीपाशी उभी होती. तिने फोन फिरवला. मरून बॉनेटवर, त्याच जागी, एक छोटं ओलं स्वस्तिक होतं. निघताना काकूंनी तिच्या सामानात कुंकवाची पुडी टाकली होती, त्याच कुंकवाचं.

काकू घाबरल्या. "अगं, काय करतेस हे? कुणी बघेल. ती तुझी मैत्रीण बघेल. पूस ते आधी."

"पुसायचं नसतं ना, आजी? आणि ती आत झोपलीये. जस्ट वेट."

आम्ही थांबलो. ईशाने बॉनेटवर नुकतंच नवं वॅक्स चढवलं होतं, त्यावरून पावसाचे थेंब सुटे सुटे धावत होते. आधी कडा विरघळल्या, मग मधली रेघ, मग लाल पाणी बंपरवरून खाली गेलं. ईशाने फोन जवळ नेऊन बॉनेट दाखवलं. स्वच्छ होतं.

"सी? आपोआप गेलं."

 काकूंनी चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाल्या, "चला. हिची घासणी तरी वाचली."